हातातले जीपीएस: मुलांना वाट शिकवायची तर कोणते घ्यावे?

गेल्या काही दिवसांत आम्हा उमरीतल्या दोघा-तिघा शिक्षकांकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो आहे. कधी मोहल्ल्यातल्या तरुणांच्या गटाकडून, कधी शाळेच्या स्काउट पथकाकडून, तर कधी सुट्टीतल्या शिबिराच्या जिम्मेदारांकडून. "मुलांना नकाशा आणि दिशा शिकवायच्या आहेत. थोडी वर्गणी जमली आहे. हातात धरायचे जीपीएस यंत्र घ्यावे म्हणतो. सर, कोणते घेऊ?" दुकानदाराला विचारले तर तो सगळ्यात महागाचे काढून दाखवतो. आखातातल्या मामूंना विचारले तर ते म्हणतात, मी येताना आणतो. या मामूंच्या आणण्याबद्दल पुढे एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे.

आमचे उत्तर आधीच देऊन टाकतो. साधे घ्या, बटणांचे घ्या, पेन्सिल सेलवर चालणारे घ्या, एका जागी उभे राहूनही दिशा दाखवणारे घ्या आणि संख्येने कमी घ्या. उरलेल्या पैशांत साधी होकायंत्रे आणि नकाशे घ्या. हे उत्तर अनेकांना रुचत नाही, म्हणून कारणे सविस्तर लिहितो.

आधी हे शिकवायचेच कशाला? नववीतल्या मुलाला विचारा, धर्माबाद कुठल्या दिशेला? तो रेल्वेच्या रुळाकडे बोट दाखवून म्हणेल, "खाली." नांदेड? "वर." खाली-वर ही दिशा नव्हे. उमरीहून धर्माबाद आग्नेयेला आहे, नांदेड पश्चिमेला, थोडे उत्तरेकडे झुकलेले, आणि गोदावरी दक्षिणेला. मोबाइलमधला निळा ठिपका मुलांना वाट दाखवतो, पण आपण कुठे आहोत हे दुसऱ्याला सांगायला शिकवत नाही. आणि वेळ पडते ती सांगण्याचीच. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात पुराने हसनाळसारखी गावे वेढली, बचावासाठी लष्कराला बोलवावे लागले. अशा रात्री ११२ क्रमांकाला फोन लागला, तर "पिंपळाजवळच्या वस्तीवर" एवढ्याने भागत नाही. अक्षांश-रेखांश नीट वाचून सांगता येणारा एक मुलगा किंवा एक मुलगी त्या वस्तीत असेल, तर फरक पडतो.

आता यंत्राविषयी. जीपीएस ही अमेरिकेची व्यवस्था. ती १९९५ मध्ये पूर्ण क्षमतेने सुरू झाली. सामान्य लोकांसाठी तिच्यात मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली, आणि तेव्हापासून हातातली यंत्रे खऱ्या अर्थाने कामाची झाली. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह फिरतात आणि सतत वेळ सांगत राहतात. संदेश पोहोचायला किती उशीर लागला त्यावरून यंत्र अंतर काढते. अशा चार उपग्रहांपासूनची अंतरे मिळाली की जागा ठरते. तीन नव्हे, चार. कारण यंत्रातले साधे घड्याळ उपग्रहातल्या अणुघड्याळाइतके अचूक नसते, ती चूक काढायला चौथा लागतो. आठवी-नववीच्या मुलांना हे सहज समजते.

पालकांच्या मनात दोन शंका असतात. पहिली, याला रिचार्ज किंवा इंटरनेट लागते का? नाही. दुसरी, विशेषतः मुलींच्या पालकांची: यावरून कोणी आमच्या मुलीवर नजर ठेवू शकेल का? साधे जीपीएस यंत्र म्हणजे रेडिओसारखे आहे. ते फक्त ऐकते, बोलत नाही. रेडिओ ऐकणारा कुठे बसला आहे हे आकाशवाणीला कळत नाही, तसेच हे. जागा दुसऱ्याला कळते ती मोबाइलच्या नेटमुळे, त्यातल्या ॲपमुळे, जीपीएसमुळे नव्हे.

मग हीच सोय मोबाइलमध्ये असताना वेगळे यंत्र कशाला? प्रश्न रास्त आहे. मोबाइलमध्येही तोच ग्राहक असतो, विमान मोडवर टाकला तरी चालतो, आणि काही नव्या मोबाइलची अचूकता साध्या यंत्रापेक्षा चांगली असते. तेव्हा "यंत्र जास्त अचूक असते" म्हणून कोणी विकत असेल तर विश्वास ठेवू नका. उघड्या रानात दोन्ही साधारण तीन ते पाच मीटरच्या आत जागा सांगतात. शिकवण्यासाठी वेगळे यंत्र घ्यायचे ते दुसऱ्या कारणांसाठी. ते हातातून पडले तरी फुटत नाही. भर दुपारच्या मराठवाडी उन्हात त्याचा पडदा दिसतो. उलट जितके ऊन जास्त तितका चांगला दिसतो. त्यात रील्स नाहीत. आणि मुलांच्या हाती मोबाइल द्यायचा की नाही, यावरून घराघरांत चाललेला वाद आपोआप बाजूला राहतो. ज्या गटाकडे मुळीच पैसे नाहीत त्यांनी मात्र खुशाल घरातला जुना, सिम काढलेला मोबाइल वापरावा. आम्ही त्याला कमी लेखत नाही.

निवडताना सर्वांत आधी बघायचे ते सेल. आतच बसवलेली बॅटरी चार्ज करायची की दुकानात मिळणारे पेन्सिल सेल घालायचे? आमचे मत स्पष्टपणे पेन्सिल सेलच्या बाजूने आहे. वीस मुले सकाळी सहाला शाळेच्या अंगणात जमली आणि रात्री वीज नसल्याने यंत्रे चार्ज झाली नाहीत, म्हणजे दिवस वाया. पेन्सिल सेल उमरीतल्या कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. वर्षभर वापर असेल तर चार्ज होणारे सेल घ्यावेत, पण मग यंत्राच्या सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदलावा लागतो, नाहीतर उरलेल्या सेलचा अंदाज चुकीचा दिसतो. बाजारात सहज मिळणारी यंत्रे बहुतेक गार्मिन कंपनीची. तिच्या 'ईट्रेक्स' मालिकेतली २२एक्स आणि ३२एक्स ही यंत्रे दोन पेन्सिल सेलवर सुमारे २५ तास चालतात असे कंपनी सांगते. २०२३ मध्ये आलेले 'ईट्रेक्स एसई' हे काळ्या-पांढऱ्या पडद्याचे यंत्र तेवढ्याच सेलवर १६८ तासांचा दावा करते. रंग नसल्याने मुले आधी नाक मुरडतात. मुरडू द्या.

दुसरी गोष्ट दुकानदार सांगत नाही, आणि शिकवताना तीच सर्वांत जास्त नडते. जीपीएसला स्वतःची जागा कळते, तोंड कुठे आहे ते कळत नाही. ज्या यंत्रात चुंबकीय होकायंत्र बसवलेले नाही ते आपण चाललो तरच दिशा सांगते. मागची जागा आणि आताची जागा यांवरून ते हिशेब करते. उभे राहिलो की बाण भरकटतो. २२एक्समध्ये होकायंत्र नाही, ३२एक्समध्ये आहे. मुलांच्या गटात थांबणे फार असते. थांबून बघायचे, समजून घ्यायचे, वहीत लिहायचे. थांबल्यावर बाण गरागरा फिरू लागला की मुलांना वाटते यंत्र बिघडले. म्हणून होकायंत्र असलेले बरे. ते नसलेले यंत्र आधीच घरात असेल तर फेकू नका. "आठ-दहा पावले चाला आणि मग बाण बघा" हा नियम घालून द्या, आणि हातात साधे होकायंत्र द्या. होकायंत्र असलेल्या यंत्रातही सेल बदलल्यावर ते जुळवून घ्यावे लागते. यंत्र स्वतःच तसे करायला सांगते.

तिसरे, सगळी यंत्रे एकाच प्रकारची असावीत. एकाने दान म्हणून एक दिले, दुसऱ्याने दुसरे, असे झाले की शिक्षकाची अर्धी तासिका "तुझ्याकडे ते बटण नाही, तू खालचे दाब" यातच जाते. दान देणाऱ्यांना हे नम्रपणे सांगावे. पाच मुलांमागे एक यंत्र पुरते. एकाच्या हाती यंत्र, एकाकडे नकाशा, एकाकडे होकायंत्र, एक पावले मोजणारा, एक लिहिणारा, आणि दर टप्प्याला कामे बदलायची. यंत्रे दोनच असतील तर वीस मुलांचे दोन भाग करा, एक भाग फक्त नकाशा आणि होकायंत्रावर चालू द्या. खरे सांगायचे तर तोच भाग जास्त शिकतो.

पडदा टच असू नये असे आम्हाला वाटते. घामेजलेल्या किंवा धुळीच्या बोटांनी तो नीट चालत नाही. पाण्यापासून बचावासाठी 'आयपीएक्स ७' लिहिलेले बघा, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिले तरी टिकायला हवे. आत रंगीत नकाशे भरलेले असण्यासाठी जास्त पैसे मोजू नका. नकाशा कागदावरचाच वाचायला शिकवायचा आहे. आपल्या देशाची 'नाविक' ही उपग्रह व्यवस्था आहे, तिचा पहिला उपग्रह २०१३ मध्ये गेला. यंत्र ती पकडत असेल तर आनंद, पण शिकवण्याच्या कामासाठी त्यावरून निवड करण्याची गरज नाही.

आता मामूंची गोष्ट. काही जीपीएस यंत्रांमध्ये उपग्रहावरून निरोप पाठवण्याची आणि मदत मागण्याची सोय असते. गार्मिनमध्ये तिला 'इनरीच' म्हणतात, आणि ६६आय, ६७आय अशा आकड्यानंतर 'आय' लावलेल्या यंत्रांत ती असते. परदेशातल्या दुकानात ती उघड विकली जातात. भारतात मात्र अशी उपग्रहावरून बोलणारी यंत्रे सरकारी परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. विमानतळावर सामानात असे यंत्र सापडल्याने परदेशी प्रवाशांवरसुद्धा कारवाई झाली आहे. सुट्टीवर येणाऱ्या भावाने किंवा मामूंनी प्रेमाने भेट म्हणून आणलेली वस्तू त्यांनाच पोलीस ठाण्यात नेऊ नये. आणायचेच असेल तर फक्त ऐकणारे साधे यंत्र आणा, नाव फोनवर नीट वाचून घ्या, आणि वॉरंटी इथे चालेल का तेही विचारा.

यंत्र आले म्हणून लगेच मुलांच्या हाती देऊ नये. आधी कागद. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलनिर्देशक नकाशे २०१७ पासून विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत उतरवून घेता येतात. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, हे मुलांच्या डोक्यात पक्के बसवा. जुन्या क्रमांकपद्धतीत मुदखेड-उमरीचा भाग ५६ ई या पत्रकात येतो. ते पत्रक १९ अंश उत्तर अक्षांशावर संपते आणि खाली ५६ एफ सुरू होते. ही रेषा आपल्या तालुक्याजवळूनच जाते, म्हणून उमरीकरांना दोन पत्रके जोडून भिंतीवर लावावी लागतात. जरा कटकट आहे, पण त्यातून एक छान खेळ तयार होतो, तो पुढे सांगतो. जुना छापील नकाशा मिळाला असेल तर एक सावधगिरी: तो 'एव्हरेस्ट' या जुन्या मापनपद्धतीवर आहे आणि यंत्र 'डब्ल्यूजीएस ८४' वर. सेटिंग जुळवले नाही तर शंभर मीटरहून जास्त फरक पडू शकतो. मोफत मिळणारे नवे नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत.

एव्हरेस्ट हे नाव आले म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. लॅम्ब्टन आणि त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी कन्याकुमारीच्या बाजूने हिमालयापर्यंत जी मोजणी केली, ती ७८ रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे गेली. बिदरजवळचे दामरगिद्दा, वऱ्हाडातले टाकळखेडा, मध्य भारतातले कल्याणपूर ही तिची मोठी ठाणी. कल्याणपूरचे रेखांश ७७ अंश ३९ मिनिटे, आणि आपल्या उमरीचेही जवळपास तेवढेच. म्हणजे भारताच्या नकाशाचा कणा आपल्या परिसरातूनच गेला आहे. लॅम्ब्टनचा मृत्यू १८२३ मध्ये हिंगणघाटला, हेच काम चालू असताना झाला. मुलांना हे सांगितले की अक्षांश-रेखांश हे भूगोलाच्या पेपरातले चार गुण राहत नाहीत.

यंत्र हाती दिल्यावर पहिला धडा आकडे वाचण्याचा. आम्ही यावर सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगू, कारण संकटात चूक होते ती इथेच. एकच जागा तीन प्रकारे लिहिली जाते. १९.०५ अंश, १९ अंश ३.००० मिनिटे, आणि १९ अंश ३ मिनिटे ० सेकंद हे तिन्ही एकच. पण १९.०५ बघून कोणी फोनवर "एकोणीस अंश पाच मिनिटे" असे सांगितले, तर दोन मिनिटांची चूक झाली, आणि अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर. बचावाची होडी पावणेचार किलोमीटर दूर जाईल. गटातल्या सगळ्या यंत्रांवर आणि मोबाइलवर एकच पद्धत लावून ठेवा. मुलांना जोडीने बसवा. एकाने वाचायचे, दुसऱ्याने न बघता लिहून परत वाचून दाखवायचे. शुद्धलेखन करतो तसे. उर्दू माध्यमाच्या मुलांना एक जादा अडचण येते: ओळ उजवीकडून, आकडा डावीकडून. गडबड होणार हे गृहीत धरून सराव द्या.

मग तो खेळ. १९ अंशाची रेषा शोधणे. पडद्यावर नेमके १९ अंश ००.००० मिनिटे येईल ती जागा रस्त्यावर कुठे आहे? आधी नकाशावर पेन्सिलने खूण करायची, किती पावले लागतील याचा अंदाज लिहायचा, आणि मग निघायचे. मिनिटाचा तिसरा दशांश आकडा म्हणजे जेमतेम १.८५ मीटर. त्यामुळे शेवटी मुले एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे करत राहतात, आकडा ठरत नाही, आणि तिथेच त्यांना उमगते की यंत्रालाही मर्यादा असतात. दोन यंत्रे शेजारी ठेवली तरी शेवटचे आकडे जुळत नाहीत. भिंतीला लागून किंवा दाट चिंचेखाली उभे राहून तर फरक आणखी वाढतो. हे मुद्दाम करून दाखवा. यंत्राच्या आकड्याला संशयाने बघायला शिकलेला मुलगा जास्त सुरक्षित असतो.

दुसरा धडा आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा, किब्ल्याचा. यंत्रात काब्याचे स्थान भरायचे: २१ अंश २५.३५ मिनिटे उत्तर, ३९ अंश ४९.५७ मिनिटे पूर्व. उमरीहून अंतर ३,९०० किलोमीटरच्या पुढे दिसते आणि दिशा साधारण २८० अंश, म्हणजे पश्चिमेपासून १० अंश उत्तरेकडे. आता मुलांना वर्गातल्या जगाच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवायला सांगा. तिथे झुकाव जेमतेम चार अंशांचा दिसतो. मग खरे कोण, नकाशा की यंत्र? पृथ्वीच्या गोलावर उमरी ते मक्का दोरा ताणून बघा, तो उत्तरेकडे वाकून जातो. हाच प्रश्न सोडवताना मुस्लिम गणितज्ञांनी गोलावरच्या त्रिकोणांचे गणित पुढे नेले. अल्-बेरुनीने शहरांचे अक्षांश-रेखांश काढण्यावर १०२५ मध्ये एक ग्रंथच पूर्ण केला, आणि नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून पृथ्वीची त्रिज्या मोजली. तो किल्ला आज पाकिस्तानच्या पंजाबात आहे.

पडताळा घ्यायला यंत्रही नको. दरवर्षी २८ मे रोजी दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी आणि १६ जुलैला २ वाजून ५७ मिनिटांनी, आपल्या घड्याळाप्रमाणे, सूर्य काब्याच्या बरोबर डोक्यावर असतो. त्या क्षणी सरळ रोवलेल्या काठीच्या सावलीच्या उलट दिशा म्हणजे किब्ला. जुलैत ढग असतात, म्हणून मेचा मुहूर्त धरावा, डोक्याला रुमाल बांधून. एक विनंती मात्र आहे. मोबाइल घेऊन जुन्या मस्जिदीत शिरून सफेचा वाद उकरू नका. स्लॅबमधल्या लोखंडाजवळ होकायंत्र सहज दहा-पंधरा अंशांनी चुकते, आणि दूर राहणाऱ्याला काब्याच्या बाजूची दिशा पुरेशी आहे असे बहुतेक फकीह सांगतात. शंका असेल तर आलिमांना विचारावे.

शिबिराचा काळ सोयाबीन निघाल्यानंतरचा धरा, दिवाळीनंतर. त्याआधी शेतातून जाणे म्हणजे कोणाच्या तरी पिकातून जाणे, आणि कापूस उभा असेल तर धुऱ्यानेच जायचे. शेतकऱ्याची इजाजत आदल्या दिवशी घ्या. विहिरींच्या जागा आधी नकाशावर लाल करून ठेवा. पडद्यात डोके घालून चालणारी मुले समोर बघत नाहीत, म्हणून चालताना यंत्र खिशात आणि थांबल्यावर हातात, हा नियम आम्ही सगळ्यांत कडक ठेवायला सांगतो. मुलींचा गट वेगळा असेल तर सोबत शिक्षिका किंवा दोन माता असाव्यात, आणि त्या मातांच्या हातीही एक यंत्र द्यावे.

वापर संपल्यावर सेल काढून ठेवावेत. उन्हाळाभर आत राहिले तर गळतात आणि आतल्या पट्ट्यांवर हिरवा थर चढतो. यंत्रांवर रंगाने क्रमांक घाला, कोणी नेले आणि कधी परत केले याची वही ठेवा. पुढच्या वर्षी काढल्यावर उघड्या मैदानात दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवून द्या; बराच काळ बंद असलेल्या यंत्राला उपग्रह पुन्हा शोधायला वेळ लागतो. तोवर मुलांना पावले मोजायला लावता येते. शंभर मीटरला कोणाची किती पावले होतात, हे ज्याने-त्याने आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचे.